कवितांची नाती अनुक्रमणिकेत छापू नका

निवडक कवितांची पाठ्यसंकलनं पुष्कळदा विभागांनी सुरू होतात. कविता मागून येतात. निसर्ग, प्रेम, मृत्यू, कुटुंब, समाज, देशभक्ती. कविता वाचण्याआधीच ती कुठल्या घरची हे ठरून जातं. मग परीक्षेत प्रश्न येतो, 'या विभागातील कोणत्याही दोन कवितांमधील आशयसाम्य स्पष्ट करा', आणि एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत उमटतं: 'दोन्ही कवितांमध्ये कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.' हे वाक्य खोटं नसतं, आणि दुखणं नेमकं तेच आहे. ते कुठल्याही दोन निसर्गकवितांना लागू पडतं, कविता न वाचताही लिहिता येतं, आणि लिहिलं की गुणही मिळतात.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. विषयवार मथळे संकलनाच्या दर्शनी पानांवरून काढावेत, आणि आशयसाम्याचा प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात विचारणं थांबवावं. दोन कवितांमधलं नातं शोधणं हे कविता शिकण्यातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मी मानतो. एकेकटी कविता वाचताना जे डोळ्यांखालून निसटतं, ते दुसरी कविता शेजारी ठेवली की दिसू लागतं. हे काम संपादकाने आधीच उरकून ठेवलं, तर वाचणाऱ्याच्या हाती फक्त निकाल उरतो.

'विरह', 'एकटेपणा', 'संघर्ष', 'निसर्ग' ही सगळी नामं आहेत. नामावरून विषय कळतो. कविता त्या विषयाचं काय करते, ते मात्र कळत नाही. त्यासाठी क्रियापद लागतं. विरह म्हणजे विरहाचं काय? तो माणसाला खातो, शहाणा करतो, की हळूहळू घरातल्या फर्निचरसारखा सवयीचा होतो? यातलं एक निवडून पूर्ण वाक्य लिहिलं की समोरचा म्हणू शकतो, 'मला तसं वाटत नाही, ही ओळ बघ.' असा वाद होऊ शकतो, तिथेच साम्याचा शोध सुरू होतो. ज्या विधानाशी कुणी असहमत होऊच शकत नाही, त्याने दोन कविता जोडल्या जात नाहीत. त्या फक्त एका पेटीत पडतात.

तीन छोट्या कविता घेऊन हे दाखवतो. तिन्ही या लेखापुरत्या रचलेल्या आहेत, म्हणजे कवीचं नाव, काळ, चरित्र यांची मदत कुणालाच मिळणार नाही.

पहिली:

उंबऱ्याशी दिवा ठेवला आहे.
वारा येतो, ज्योत वाकते,
पुन्हा उभी राहते.
तू येशील, असं मी कुणाला म्हटलं नाही.

दुसरी:

तुझी खुर्ची आम्ही हलवली नाही.
पाहुणे आले की उभे राहतात
किंवा खाली बसतात.
खुर्ची आमच्याकडे बघते.

तिसरी:

पाणी ओसरलं तेव्हा
भिंतीवर एक रेघ उरली.
इथवर आलं होतं, आम्ही मुलांना सांगतो,
आणि बोट भिंतीला लावत नाही.

विभागवार संकलनात पहिली 'प्रेम' या मथळ्याखाली जाईल, दुसरी 'मृत्यू' किंवा 'कुटुंब' यांखाली आणि तिसरी, पाणी आहे म्हणून, 'निसर्ग' या मथळ्याखाली. तिघी एकमेकींना कधी भेटणारच नाहीत. शिवाय मथळा प्रत्येक कवितेत तिच्यात नसलेलं काहीतरी घालून ठेवेल. 'प्रेम' वाचल्यावर पहिल्या कवितेतली बोलणारी व्यक्ती बाई आहे, ती प्रियकराची वाट बघते आहे, असं जवळपास प्रत्येक जण लिहील. पण 'मी कुणाला म्हटलं नाही' या रचनेत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. ती आई असू शकते, भाऊ असू शकतो, म्हातारा बाप असू शकतो. मराठीत 'मी बसलो' आणि 'मी बसले' यांतून लिंग लगेच उघड होतं, म्हणून ते जिथे उघड होत नाही तिथे थांबून बघायला हवं. दुसऱ्या कवितेचंही तसंच. खुर्चीवर बसणारं माणूस वारलं आहे असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. ते परगावी गेलेलं असेल, भांडून गेलेलं असेल. मृत्यू कवितेत नाही, मथळ्यात आहे.

आता मथळे बाजूला सारून तिन्ही एका कागदावर ठेवू. प्रत्येकीत एक वस्तू आहे: दिवा, खुर्ची, रेघ. हे लगेच दिसतं, पण अजून ते नामांच्याच पातळीवर आहे. वस्तूंपाशी कुठली क्रियापदं उभी आहेत ते बघा. दिवा 'ठेवला आहे', खुर्ची 'हलवली नाही', रेघ 'उरली'. पहिली वस्तू कुणीतरी मुद्दाम ठेवली. दुसरी होती तिथेच राहू दिली. तिसरी कुणाला न विचारता राहिली. हरवलेल्याची खूण घरात येण्याचे हे तीन वेगळे मार्ग आहेत, आणि पुढचे दोन दिसल्यामुळेच पहिल्या कवितेतला 'ठेवला' हा साधा शब्द जड होतो. एकटी वाचताना त्याच्यावर नजर ठरली नसती.

दुसरा धागा आणखी आतला आहे. तिन्हींत एकेक नकार आहे: 'म्हटलं नाही', 'हलवली नाही', 'लावत नाही'. तिन्ही कवितांमधलं सगळ्यांत महत्त्वाचं कृत्य म्हणजे एक न केलेलं कृत्य. दुःख हा शब्द कुठेच नाही, रडणं कुठेच नाही. जे जपायचं आहे ते काहीतरी न करण्यातून जपलं जातं. आता हे विधान झालं. याच्याशी भांडता येतं. कुणी म्हणेल, पहिलीतला नकार जपण्याचा नाही, लाजेचा आहे. आशा उघड केली तर लोक हसतील म्हणून ती व्यक्ती गप्प आहे. बोलायला जागा आहे, कारण बोट ठेवायला ओळ आहे.

विधान सापडलं की लगेच त्याच्या आतला फरक शोधायचा. पहिल्या कवितेत नकार एकट्याचा आहे, 'मी' आहे, आणि तो शेवटच्या ओळीत येतो. तोवर आपल्याला साधा दिवाच दिसत असतो. दुसरीत नकार पहिल्याच ओळीत आहे आणि 'आम्ही' आहे. तो घराचा नियम झाला आहे, पाहुणेसुद्धा कुणी न सांगता तो पाळतात. तिसरीत पुन्हा 'आम्ही', पण इथे एक भर आहे: बोलणं होतं. मुलांना सांगितलं जातं. फक्त स्पर्श टळतो. शिवाय पहिल्या दोन नकारांत काळ पूर्ण झालेला आहे, तिसऱ्यात 'लावत नाही' ही चालू रीत आहे, ती उद्याही असेल. या क्रमाने वाचलं तर न बोललेलं दुःख आधी एकाचं गुपित असतं, मग घराची शिस्त होतं, मग पुढच्या पिढीला दिलेला अर्धा वारसा. तिघींपैकी एकीतही हे पूर्ण नाही. ते त्यांच्या शेजारामुळे दिसतं.

याच तीन कवितांत एक फसवा धागाही आहे. पहिलीत ज्योत 'उभी राहते', दुसरीत पाहुणे 'उभे राहतात'. तोच शब्द दोनदा सापडल्याचा आनंद मोठा असतो आणि पुष्कळ उत्तरं तिथेच संपतात. पण शब्द तोच असला तरी काम तेच आहे का? ज्योत वाकून पुन्हा उभी राहते, तो तग आहे. पाहुणे उभे राहतात कारण त्यांना बसायला जागा उरलेली नाही. तो संकोच आहे. इथे शब्दसाम्य आहे, आशयसाम्य नाही. कुणाला तो विरोध म्हणून वापरायचा असेल तर वापरता येईल: एकीत उभं राहणं म्हणजे टिकणं, दुसरीत अवघडणं. पण 'दोन्ही कवितांत उभे राहण्याची प्रतिमा आहे' इतकंच लिहिलं तर हाती काही लागलं नाही.

हे सगळं प्रतिभेचं काम वाटत असेल तर तसं नाही. याला पद्धत आहे, आणि पद्धत नसेल तर गणितच आडवं येतं. 15 कवितांच्या संकलनात 105 जोड्या होतात, 40 कवितांच्या संकलनात 780. एका जोडीला दहा मिनिटं दिली तर 105 जोड्यांना साडेसतरा तास लागतील, 780 जोड्यांना 130 तास. एवढं कुणी करत नाही, करायचंही नाही. म्हणूनच लोक मथळ्यांकडे धावतात. मथळा जोड्या कमी करून देतो. पण जोड्या कमी करायचा याहून चांगला मार्ग आहे.

प्रत्येक कवितेसाठी पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी करावी. तिच्यावर कवीचं नाव लिहायचं नाही, विषय तर मुळीच लिहायचा नाही. लिहायच्या गोष्टी या: कोण बोलतंय (मी, आम्ही, की कुणी दिसतच नाही), कुणाशी बोलतंय, काळ कोणता आणि तो मध्ये कुठे बदलतो का, हाताने धरता येतील किंवा डोळ्यांना दिसतील अशा वस्तू कोणत्या, कविता ज्याच्यावर वळते ते एक क्रियापद, आणि पहिल्या व शेवटच्या ओळीच्या दरम्यान काय बदललं. सातवी नोंद रूपाची: ओळी आखूड की लांब, यमक आहे का, धृपद फिरून येतं का, वाक्य ओळीच्या शेवटी थांबतं की पुढच्या ओळीत सांडतं. एका कवितेला दोन वाचनं आणि साधारण पंधरा मिनिटं पुरतात. 15 कवितांच्या चिठ्ठ्या चार तासांत होतात, दोन-तीन बैठकांत.

मग चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि एक कविता मुक्कामाची म्हणून निवडायची. जी समजली असं वाटतं ती निवडू नये. जिच्यात एखादी ओळ खटकते ती निवडावी. आता जोड्या 105 राहत नाहीत, 14 होतात. त्या एका चिठ्ठीतली एकेक नोंद बाकीच्या चौदांशी ताडून बघायची, वस्तूंची नोंद सगळ्यांत शेवटी. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे. वस्तूंपासून सुरुवात केली की चंद्र चंद्राला भेटतो, पाऊस पावसाला, आणि मन तिथेच समाधान मानतं. 'काय बदललं' या नोंदीपासून सुरू केलं तर एका आजीवरची कविता आणि एका पुलावरची कविता शेजारी येऊन बसतात, कारण दोन्हींत सुरुवातीला जो आधार देत होता तो शेवटी आधार मागतो. असं नातं विभागवार अनुक्रमणिका कधीही देऊ शकणार नाही.

साम्य सापडलं की ते एका पूर्ण वाक्यात लिहावं आणि त्या वाक्याची एक परीक्षा घ्यावी: डोळे मिटून संकलनातली तिसरीच एखादी कविता उघडायची आणि ते वाक्य तिला लावून बघायचं. लागू पडलं तर आणखी एकदोन कवितांना लावायचं. सगळीकडे लागू पडत असेल तर ते ढगळ आहे, आवळायला हवं. 'दोन्ही कवितांत आठवणी आहेत' हे निम्म्या संकलनाला लागू पडेल. 'दोन्ही कवितांत आठवण सांगणाराच शेवटी तिच्यावर शंका घेतो' हे दोनतीन कवितांनाच पडेल. ते ठेवावं.

चुका कुठे होतात, हेही नेमकं सांगता येतं. पहिली चूक शब्द मोजण्याची. संकलनाची डिजिटल प्रत असेल तर शब्द शोधणं सोपं असतं, पण मराठी शब्द प्रत्यय लागला की आपलं अंगच बदलतो. 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्यावरून' सापडत नाहीत. 'पाण्या' हे सामान्यरूप वेगळं शोधावं लागतं. 'ऊन' शोधताना 'उन्हात' निसटतं, 'माणूस' शोधताना 'माणसाला'. उलट 'पान' शोधलं की झाडाचं पानही येतं आणि वहीचंही. एका कवितेत पान गळतं आणि दुसरीत पान उलटतं, म्हणून दोघींचं नातं जुळत नाही. एखादी कविता स्वतःच त्या दोन अर्थांवर खेळत असेल तरच जुळतं.

दुसरी चूक कवीच्या चरित्रावरून नातं जोडण्याची. दोन कवी एकाच पिढीचे, एकाच चळवळीतले, म्हणून त्यांच्या कवितांत साम्य असणारच असं धरलं जातं आणि मग ते शोधून काढलं जातं. संदर्भ जाणून घ्यावा, पण चिठ्ठ्या झाल्यावर. आधी संदर्भ कळला की डोळा पुरावा गोळा करायला लागतो आणि न जुळणाऱ्या ओळी सोडून देतो.

तिसरी चूक अनुवादांच्या संकलनात होते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. दोन वेगळ्या भाषांतल्या कवितांत 'हुरहुर' हा शब्द आला आणि दोन्हींचा अनुवादक एकच असेल, तर ते साम्य कवींचं नसून अनुवादकाच्या शब्दसंग्रहाचं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा संकलनात शब्दांपेक्षा रचनेवर भर द्यावा: कोण कुणाशी बोलतं, वळण कुठे येतं, शेवट उघडा राहतो की मिटतो. या गोष्टी अनुवादात शब्दांच्या मानाने जास्त टिकतात. यमक आणि लय मात्र यात धरू नयेत. ती बहुतेक वेळा अनुवादकाचीच असतात.

चौथी चूक रूपाकडे पाठ फिरवण्याची. आशय आशय म्हणत लोक ओळींची लांबी बघतच नाहीत. दोन कविता एकमेकींच्या विरुद्ध बोलत असतील आणि तरी दोन्हींत प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ अर्धीच सोडलेली असेल, तर तेही नातं आहे. कधी कधी तेच खरं नातं असतं.

मथळ्यांशिवाय संकलन लावता येत नाही असा समज असेल तर जुन्या संकलनांकडे बघावं. पहिल्या शतकात थेसालोनिकाच्या फिलिपने ग्रीक सुभाषितवजा कवितांची 'माला' गुंफली ती कवितांच्या पहिल्या अक्षरानुसार. म्हणजे शेजार पूर्णपणे योगायोगाचा, नातं वाचणाऱ्याने शोधायचं. जपानमध्ये 905 साली सम्राटाच्या आज्ञेवरून 'कोकिनशू' हे संकलन हाती घेतलं गेलं. त्याचे 20 खंड आहेत आणि त्यात 1,100च्या आसपास कविता. वसंताला दोन खंड, ग्रीष्माला एक, शरदाला दोन, हेमंताला एक, आणि प्रेमाला पाच. मथळे इथेही आहेत, पण मथळ्याच्या आतली मांडणी बघण्यासारखी आहे. ऋतूंच्या कविता ऋतू चालतो तशा पुढे सरकतात, प्रेमाच्या कविता न भेटताच जडलेल्या ओढीपासून दुरावत जाण्यापर्यंत. निरनिराळ्या कवींच्या कविता शेजारी ठेवून संकलनकर्त्यांनी त्यांच्यातून एक चाल निर्माण केली आहे. एका कवितेचा पुढच्या कवितेशी संबंध 'विषय तोच' एवढाच नाही, 'यानंतर हे' असा आहे. गुरु ग्रंथ साहिबमधली मुख्य मांडणी रागांनुसार आहे. नामदेवांची तिथली 61 पदं एकत्र नाहीत, वेगवेगळ्या रागांखाली विखुरलेली आहेत. तिथे शेजार कानाने ठरतो.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत अवघड जाणारं उदाहरण विद्याकराचं आहे, म्हणून ते टाळत नाही. 1100च्या सुमारास त्याने संपादित केलेल्या 'सुभाषितरत्नकोश' या संस्कृत संकलनात 1,738 श्लोक आहेत आणि ते 50 विषयवार विभागांत लावले आहेत. दा. ध. कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती 1957 साली प्रसिद्ध केली. विषयवारी इतकी काटेकोर असूनही हे संकलन निर्जीव होत नाही. याचं कारण ते श्लोक ज्या परंपरेत रचले गेले, तिथे वर्षाऋतू किंवा दूतीचं, म्हणजे प्रेमिकांमध्ये निरोप नेणाऱ्या सखीचं, बोलणं हे विषय कवींनीच आधी स्वीकारलेले होते. ऐकणाऱ्याला संकेत ठाऊक होता. पावसावरचे पन्नास श्लोक एकापाठोपाठ ठेवले की कानाला साम्य ऐकूच येत नाही, ते गृहीतच असतं. ऐकू येतो तो फरक: या कवीने त्याच ढगाचं नवं काय केलं? आजची कविता मथळा समोर ठेवून लिहिली जात नाही. तिच्यावर मथळा नंतर चिकटवला जातो आणि वाचणाऱ्याला सांगितलं जातं की यातलं साम्य शोध. विद्याकराच्या विभागांनी फरक उठून दिसायचा, आपल्या विभागांनी तो झाकला जातो.

मथळे हवेत असं म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. शिकवणाऱ्याकडे तासिका मोजक्या असतात, वर्गात नव्याने कविता वाचणारे असतात, आणि काहीच खूण नसलेलं चाळीस कवितांचं पुस्तक हातात घेतलं की गोंधळायला होतं. वाट दाखवायला हवी हे खरं. पण वाट दाखवणारी सूची पुस्तकाच्या शेवटी असावी, आणि तिच्यात एक कविता एकाच जागी अडकू नये. चाळीस कवितांसाठी पंचवीस-तीस नोंदींची सूची दोन पानांत मावते. वर दिलेली पाण्याची कविता तिथे 'पाणी', 'घर', 'मुलं', 'स्मृती' आणि 'न सांगितलेलं' अशा पाच ठिकाणी यावी. पाच ठिकाणी आलेली कविता बघितली की वाचणाऱ्याला आपोआप कळतं की यातलं कुठलंच तिचं पूर्ण घर नाही. पुढे अनुक्रमणिकेत मात्र फक्त कवितेचं नाव, कवीचं नाव आणि पान क्रमांक असावा. क्रम कवींच्या आडनावांनुसार, काळानुसार किंवा निव्वळ अकारविल्हे लावावा. अकारविल्हे क्रमात कुणाचाही हेतू नसतो, म्हणून तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

दुसरा आक्षेप परीक्षकांचा असतो: साम्याचं विधान प्रत्येकाचं वेगळं असेल तर गुण कसे द्यायचे? एका नामावर गुण देणं सोपं आहे, कारण उत्तरतालिकेत ते नाम छापता येतं. पण सोपं तपासता येतं म्हणून चुकीची गोष्ट तपासायची, हे काही उत्तर नाही. प्रश्न असा विचारावा: 'पुढील दोन कवितांमधलं एक साम्य पूर्ण वाक्यात सांगा. त्यासाठी दोन्ही कवितांमधले शब्द किंवा ओळी दाखवा. मग त्या साम्याच्या आतला एक फरक सांगा.' आठ गुण असतील तर दोन विधानाला, तीन पुराव्याला, तीन फरकाला. विधानात क्रियापद नसेल, नुसतं नाम असेल, तर त्याचे दोन्ही गुण जावेत. पुरावा म्हणून दिलेली ओळ खरोखर त्या कवितेत आहे का, आणि विधानाला ती लागते का, हे तपासायला परीक्षकाला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत. फरकाला विधानापेक्षा जास्त गुण ठेवले आहेत. फरक पाठ करून लिहिता येत नाही. मार्गदर्शकात छापलेलं साम्य विद्यार्थी उतरवू शकतो, पण त्या साम्याच्या आत दोन कविता कुठे वेगळ्या वाटेने जातात हे सांगायला दोन्ही कविता समोर घेऊन बसावंच लागतं.

आणखी एक सोय त्या प्रश्नात हवी. आज 'आशयसाम्य स्पष्ट करा' असं म्हटलं की साम्य आहेच हे ठरलेलं असतं, आणि विद्यार्थी ते ओढूनताणून आणतो. प्रत्येक कविता प्रत्येकीशी जुळत नसते. संकलनात एखादी कविता अशी असतेच, जिची चिठ्ठी कुठल्याही चिठ्ठीजवळ ठेवली तरी बसत नाही. ती चुकीची निवडली गेली असं लगेच म्हणू नये, आणि तिला 'इतर' या विभागात ढकलू तर मुळीच नये. तिची चिठ्ठी वेगळी ठेवावी. ही कविता कुणाशी जुळली नाही, कुठल्या ओळीपाशी येऊन प्रत्येक जुळणी मोडली, हे ज्या विद्यार्थ्याने ओळीसकट लिहिलं असेल, त्याला पूर्ण आठ गुण द्यावेत.